घसरलेल्या वेलांट्या

माझी सासू पावणेतीन महिने गप्प होती आणि अख्ख्या मुकुंदवाडीला वाटत होतं, की मी आतून पेढे वाटतेय. वाटणारच. एकवीस वर्षं या बाईनं मला ज्या शिव्या घातल्या, त्या आमच्या गल्लीत भाजीवाल्यालासुद्धा पाठ होत्या. जानेवारीत तिला झटका आला. उजवं अंग गेलं आणि अंगाबरोबर वाचाही गेली. अंग हळूहळू परत यायला लागलं. डाव्या हातानं ती भाकरी मोडायची, वाढायला उशीर झाला तर ताटली आपटायची. तोंडातून मात्र नुसतं "अं… अं…" आणि त्यानंतर डोळ्यांत पाणी.

तिला बोलायला शिकवणाऱ्या मॅडम आठवड्यातून दोनदा घरी यायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "विचार न करता जे बोलायची सवय असते ना, ते आधी परत येतं. आजी रोज काय म्हणायच्या?"

माझा नवरा अजिनाथ तिथंच उभा होता. तो म्हणाला, "आई देवाचं म्हणायची. सकाळ-संध्याकाळ."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. माझ्या सासूच्या, म्हणजे बानाबाईच्या तोंडी देव यायचा तो फक्त 'देवा, हिला उचल' एवढ्यापुरता. पण लेकराला आई देवभोळी वाटत असेल तर मी कोण बोलणारी? त्यानं मोबाइलवर भजनं लावली. दोन महिने घरात टाळ वाजत होते. म्हातारी भिंतीकडं तोंड करून पडायची, आणि मी स्वयंपाकघरात कानात बोळे घालून पोळ्या लाटायचे.

शेवटी मॅडम मला एकटीला गाठून म्हणाल्या, "तीन महिने होत आले. सुरुवातीचा काळ हातातून जातोय. खरं सांगा, त्या काय बोलायच्या?"

"शिव्या," मी म्हटलं.

मॅडम दचकल्या नाहीत. "मग शिव्याच ऐकवा. त्यांच्याच. अगदी जशाच्या तशा."

आता 'जशाच्या तशा' हीच तर अडचण होती. बानाबाईच्या शिव्या बाजारात मिळणाऱ्या नव्हत्या. सोयगावकडच्या डोंगरात तिनं वयाच्या चाळिशीपर्यंत मेंढरं राखली. लांडगा कुठल्या झुडपामागं बसलाय हे वासावरून सांगायची म्हणे. मेंढरं विकून लेकाच्या मागं शहरात आली, पण शिव्यांचा कळप तिनं विकला नाही. मेंढरांना द्यायच्या त्याच थोड्या वळवून मला द्यायची. रोज नवी. नळाला पाणी यायच्या दिवशी तर तीन-चार. मी आठवायला बसले तर 'मुडदा बशिवला' आणि 'लांडगा बी हुंगून सोडील तुला' या दोनच धड आठवल्या. बाकीच्यांची नुसती चाल आठवत होती, शब्द नव्हते.

पण शब्द होते. ते मीच लिहून ठेवले होते.

हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. लग्न झालं तेव्हा मी गुलमंडीत एका पत्रिका छापणाऱ्याकडं डीटीपी करायचे. घरीही एक कॉम्प्युटर जुळवून घेतला होता, जादा कामासाठी. संध्याकाळी लोकांच्या शुभविवाहाच्या पत्रिका लावून झाल्या, की मी एक वेगळी फाइल उघडायचे आणि त्या दिवशीची शिवी टाइप करायचे. तारीख, वेळ, शिवी आणि कारण. कारणाच्या रकान्यात 'मीठ कमी', 'मीठ जास्त', 'हसले', 'हसले नाही'. पुरेशा साठल्या की छापून पाचोडला वडिलांसमोर टाकायच्या आणि म्हणायचं, बघा, कुठं दिलंत मला. म्हणजे पुराव्याची फाइल होती ती. कोणी उघडू नये म्हणून नाव ठेवलं होतं 'पत्रिका नमुना अकरा'. पाच वर्षं मी नेमानं लिहीत होते. मग पोरगी शाळेत जायला लागली, पत्रिका मोबाइलवर फिरायला लागल्या, कॉम्प्युटर एका उन्हाळ्यात जळाल्याचा वास देऊन बंद पडला आणि मी त्याला साडीचं कव्हर घालून माळ्यावर चढवला. वडिलांना काही दाखवलं नाही. तोपर्यंत मलाच सवय होऊन गेली होती.

माझी मुलगी श्रेया कॉलेजात आहे. तिच्यासाठी नुकताच लॅपटॉप घेतला होता, तो देणारा धम्मपाल माझा गुलमंडीपासूनचा ओळखीचा. त्याला फोन केला. "जुन्या डब्यातलं सगळं नव्यात टाकून दे."

"ताई, त्यात काय असंल आता? भंगारात घाला."

"माझे पत्रिकांचे नमुने आहेत."

"पत्रिका कोन छापतंय आता?" असं म्हणत म्हणत तो दुपारी आला. साडीचं कव्हर काढलं तर आत पालीची अंडी निघाली. त्यानं पेचकस फिरवून हार्ड डिस्क बाहेर काढली, पुस्तकाएवढी जड. एका वायरीनं ती लॅपटॉपला जोडली. ती आतल्या आत टक, टक, टक करायला लागली. मी पदराचं टोक चावत बसले. ती डिस्क बसली असती तर त्या शिव्या जगात दुसरीकडं कुठंच नव्हत्या. ज्या बाईच्या डोक्यात त्या होत्या, तिचं दारच बंद झालं होतं.

दीड तासानं धम्मपाल म्हणाला, "आलं बघा सगळं. एक बी फाइल सुटली नाय."

श्रेया शेजारी होती म्हणून मी सहज विचारल्यासारखं 'नमुना अकरा' उघडायला सांगितलं. उघडली. पहिल्याच ओळीत, तारीख-वेळेपुढं, लिहिलं होतं: eqMnk cf'koyk.

"व्हायरस हाय," धम्मपाल लगेच म्हणाला. यांचं हे बरं असतं. काही कळलं नाही की व्हायरस.

श्रेया म्हणाली, "मम्मी, हे तर शिवी दिल्यासारखं दिसतंय. कॉमिकमध्ये असंच असतं."

माझी बोटं आपोआप मांडीवर चालायला लागली होती. जुन्या मराठी टायपिंगचा माझा हात. इ म्हणजे म, क्यू म्हणजे उकार, मोठा एम म्हणजे ड. बोटं म्हणत होती मु-ड-दा. अक्षरं कुठंही गेली नव्हती. नव्या मशीनला फक्त आमचा जुना फॉन्ट ठाऊक नव्हता, म्हणून ते सगळं इंग्रजी कळांत दाखवत होतं.

"व्हायरस नाही, फॉन्ट नाही आला," मी म्हटलं. "तो सॉफ्टवेअरबरोबर यायचा. त्याला मागं अंगठ्याएवढं लॉक लावावं लागायचं."

लॉक सापडलं. डब्याच्या मागं अजून खोचलेलंच होतं. धम्मपालनं ते लॅपटॉपला चारही बाजूंनी लावून बघितलं. "ताई, ह्या मशीनला त्याचं भोकच नाय. आता असली भोकं बनवतच नाहीत."

"मग काय करायचं?"

"बदलून देतो नव्या फॉन्टमधी. फुकटचं कन्व्हर्टर असतंय नेटवर." त्यानं सगळं उचलून एका चौकोनात टाकलं, एक बटण दाबलं, आणि समोर मराठी उभी राहिली. शिव्यांनी गच्च भरलेली.

धम्मपालनं वाचलं. मग माझ्याकडं बघितलं. मग पुन्हा वाचलं. "ताई," तो म्हणाला, "हे कोनत्या लग्नाचे नमुने?"

"माझ्या," मी म्हटलं आणि चहा ठेवायच्या निमित्तानं उठले. परत आले तर श्रेया भराभर खाली सरकवत हसत होती. मी लॅपटॉप तिच्या हातातून घेतला.

त्या कन्व्हर्टरनं एक घोळ घातला होता. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी आम्ही अक्षराच्या आधी टाइप करायचो, नव्यात ती नंतर लागते. यंत्राला ते कुठलं कळायला? सगळ्या पहिल्या वेलांट्या एकेक घर मागं घसरल्या होत्या. 'बशिवला'चं 'बिशवला' झालं होतं, 'घरबुडविणी'चं 'घरबुडिवणी'. शब्दाच्या तोंडाशी असलेल्या वेलांट्यांना तर टेकायला अक्षरच नव्हतं. एरवी माझा जीव अशा प्रुफानं तळमळला असता. पण मी दुसरंच वाचत होते.

नऊ सप्टेंबर दोन हजार सहा. म्हणजे श्रेया झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी. "जी थोबाड पाडून आली तिच्या थोबाडात शेणाचा गोळा. माझ्या नातीला बघून कोण गं सुस्कारा टाकतंय?" आणि कारणाच्या रकान्यात मी, शहाणीनं, लिहिलं होतं: 'मला उद्देशून नाही, पण घरात दिली, म्हणून नोंद.'

माझी चुलतसासू आली होती त्या दिवशी. पोरगीच झाली का, म्हणाली होती. बानाबाई माझ्यासाठी भांडली होती आणि मी ते तिच्याच विरुद्धच्या पुराव्यात लावलं होतं. मला माझीच लाज वाटली. रडूही आलं. धम्मपालला वाटलं, वेलांट्यांमुळं. "ताई, मी घरी जाऊन नीट करतो की," म्हणाला, आणि फाइलची एक नक्कल घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी अजिनाथ वाळूजला कंपनीत गेला आणि मी लॅपटॉप घेऊन म्हातारीच्या खाटेशी बसले. आता तिला सांगणं भाग होतं. "आत्या, तुमच्या शिव्या मी लिहून ठेवल्या होत्या. तुमच्याविरुद्ध दाखवायला. आता तुम्हालाच वाचून दाखवते."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की ती गप्प आहे याचं त्या क्षणी मला बरंच वाटलं.

मी वाचायला लागले. पोथी वाचावी तशी, हळू, खाली मान घालून. वेलांट्या माझी नजर आपोआप जागेवर बसवत होती, त्यामुळं शिव्या अगदी शुद्ध निघत होत्या. पंधरा झाल्या, वीस झाल्या. म्हातारी छताकडं बघत होती. श्रेया दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "मम्मी, असं कोणी शिव्या देतं का? मनापासून दे ना."

मग दिल्या. उभं राहून, कमरेवर हात ठेवून, एकवीस वर्षांचं साठलेलं सगळं घालून दिल्या. "घाण्याला जुपली तरी उलटी फिरशील! आंधळ्या इहिरीत ढकलली तर तिथं बी पाण्याची चव इचारशील! लांडगा बी हुंगून सोडील तुला!" खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं. घशापासून टाचेपर्यंत मोकळं मोकळं. म्हातारीच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

हललं ते दुसरंच. शेजारची लक्ष्मीबाई खिडकीत. "अगं ये अवदसे! बिचारी अंथरुनाला खिळलीय, अन् तू तिचा मुडदा बशिवतीस व्हय? लाज नाय वाटत?"

"काकू, तो उपचार आहे," श्रेया म्हणाली.

"माहीत हाय असला उपचार!" म्हणून तिनं तिथूनच अजिनाथला फोन लावला.

तासाभरात अजिनाथ घरात. कोणाच्या तरी मोटारसायकलवर बसून आला, चष्मा कंपनीतच विसरून. लक्ष्मीबाई साक्षीदार म्हणून मागं. तो आयुष्यात माझ्यावर कधी ओरडला नव्हता, आणि त्या दिवशीही ओरडला नाही. तेच वाईट होतं.

"रत्ना, खरं हाय का हे?"

मी सगळं सांगितलं. मॅडम मला काय म्हणाल्या ते, फाइल, तारखा, पाचोडला नेऊन दाखवायचं होतं तेसुद्धा. तो खुर्चीत बसला. "म्हंजे पाच वर्षं तू रोज रात्री माझ्या आईच्या नावानं खतावणी लिहीत होतीस? मला वाटायचं पत्रिका करती."

"पत्रिकाही करायचे."

"मॅडमनी सांगितलं म्हणून मी आईला देवाचं ऐकवतोय, अन् तू…" त्याचा आवाज फुटला. "आई तशी नव्हती. थोडं तोंड फटकळ होतं. तू काहीबाही लिहिलं असशील. खोड ते. आत्ताच्या आत्ता माझ्यासमोर."

"अहो, एवढंच तर आहे तिचं. तिचं बोलणं दुसरीकडं कुठंय?"

"नको तसलं बोलनं."

मी लॅपटॉप छातीशी धरून उभी राहिले. एके काळी मीच ही फाइल सगळ्यांसमोर आपटणार होते, आणि आता ती वाचवायला नवऱ्याशी भांडत होते. मला ते भांडण हरायचं नव्हतं. म्हातारीकडं बघितलं. तिचे डोळे लेकावरून माझ्यावर, माझ्यावरून लेकावर फिरत होते. तिला सगळं कळत होतं. तोंड तेवढं उघडत नव्हतं.

"बरं," अजिनाथ म्हणाला, "काय लिवलंय ते तरी कळू दे. माझ्याजवळ चष्मा नाय. श्रेया, तू वाच. दोन वाच आन् खोडून टाक."

श्रेयानं माझ्या हातातून लॅपटॉप घेतला. पोरगी इंग्लिश मीडियमची. घरात शिव्या ऐकल्यात, पण लिहिलेल्या कधी बघितल्या नाहीत. जे दिसलं ते सरळ वाचलं, बातम्या वाचाव्यात तसं.

"चार जून दोन हजार पाच. सकाळी साडेसात. कारण, दूध उतू गेलं. तुजा मुडदा बिशवला." ती थांबली. "बिशवला म्हणजे?"

तिनं पुन्हा वाचलं. "मुडदा बिशवला."

खाटेवरून आवाज आला. "अं."

"बिशवला," श्रेया म्हणाली. "असंच लिहिलंय, आजी."

म्हातारीचा डावा हात उठला आणि खाटेच्या कडेवर आपटला. तोंड वाकडं झालं, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ आली. "ब," ती म्हणाली. "ब… शि."

अजिनाथ उठून उभा राहिला.

"ब-शि-व-ला," म्हातारी म्हणाली. आणि मग, एका श्वासात, स्वच्छ, पावणेतीन महिन्यांचा गंज झाडून टाकत, "मुडदा बशिवला!"

लक्ष्मीबाईनं तोंडाला पदर लावला. श्रेया पण हुशार. तिनं पुढची ओळ घेतली आणि वेलांटी होती तिथंच ठेवून वाचली. "घरबुडिवणी."

"विणी," म्हातारी चिडून म्हणाली. "बुड… विणी. घरबुडविणी!" आपल्या शिव्या कोणीतरी अशुद्ध देतंय हे तिला काही केल्या सहन होत नव्हतं. मी बिनचूक वाचलेल्या शिव्या तिनं नुसत्या ऐकून सोडून दिल्या होत्या. देवाच्या भजनात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच.

"आई," अजिनाथ म्हणाला आणि खाटेशी खाली बसला. तो रडत होता. म्हातारीनं त्याच्याकडं बघितलं, डोक्यावर हात ठेवला, मग तिची नजर त्याच्या खांद्यावरून लक्ष्मीबाईकडं गेली. ती बराच वेळ शब्द जुळवत राहिली.

"उलथ," ती म्हणाली.

लक्ष्मीबाई उलथली. मी भिंतीला टेकून हसत होते आणि रडत होते, आणि दोन्ही एकदम करताना उचकी लागली होती. म्हातारीनं माझ्याकडं हात केला. मला वाटलं, जवळ बोलावतेय. ती लॅपटॉपकडं बोट दाखवत होती. पुढचं वाचा.

श्रेया वाचत राहिली. म्हातारी तिला अडवत राहिली. मध्येच दमायची, डोळे मिटायची, आणि आम्ही थांबलो की खाटेवर हात आपटायची. अजिनाथनं फाइल खोडायचा विषय पुन्हा काढला नाही. उलट एका शिवीला तो म्हणाला, "ही मला दिल्ती, हिला नाय," आणि कारणाचा रकाना दुरुस्त करून घेतला.

आज सकाळी धम्मपालचा फोन आला. आतल्या खोलीत शिकवणी चालूच होती. तो म्हणाला, "ताई, बसून सगळ्या वेलांट्या जागेवर आनल्या. नीट केलेली फाइल पाठवून देऊ का? जुनी खोडून टाका."

"खबरदार," मी म्हटलं. "तुझ्या नीट फाइलला लांडगा लागो."

"ताई?"

"तुझी फाइल ठेव तुझ्याजवळ. इथं एक पण वेलांटी हलवायची नाही. आमचं प्रूफ वाचायला माणूस बसलंय."